विसाव्याची परवानगी

इंग्रजी भाषेत विसाव्याला शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बरेचसे आता मराठी घराचा उंबरठा ओलांडून थेट माजघरापर्यंत आलेले आहेत. डॉक्टर रोग्यास ‘रेस्ट’ घ्यावयास सांगतात, मुलांना ‘व्हेकेशन’ लागते, कचेरीला ‘हॉलिडे’ असतो आणि कारकून ‘लीव्ह’वर जातो. या सर्वांहून निराळा, जरा उंची वस्त्रे लेऊन वावरणारा आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे ‘लीझर’. इंग्लंडात त्याचा उच्चार बहुधा ‘लेझर’ असा करतात, अमेरिकेत ‘लीझर’ असा; इकडे दुसराच अधिक रुळला, म्हणून येथेही तोच पत्करला आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ फुरसत, सवड, रिकामा वेळ असा सापडतो. अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. या शब्दाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. तो प्रश्न अथेन्सच्या चौकात, लँकेशायरच्या कापडगिरण्यांत आणि मुंबईच्या परळात कसकसा उभा राहिला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्रथम या शब्दाच्या भावंडांची ओळख करून घेणे बरे. ‘रेस्ट’ हा शब्द जर्मानिक कुळातला, फार जुना. त्याच कुळातील गॉथिक भाषेत ‘रास्ता’ असा शब्द होता आणि त्याचा अर्थ मैल, म्हणजे वाटेचा टप्पा, असा होता. इतके चालावे आणि मग बसावे, म्हणून त्या अंतराला व विसाव्याला एकाच कुळातले शब्द. मराठीतील ‘मजल’ या शब्दाची कथा याहून वेगळी नाही. अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याचे ठिकाण. त्यापासून मजल म्हणजे एका दिवसात काटावयाचा पल्ला. मजल दरमजल करीत जाणारा प्रवासी प्रत्यक्षात मुक्काम दर मुक्काम करीतच जात असतो. ‘हॉलिडे’ हा उघडच ‘होली डे’, म्हणजे पवित्र दिवस. धर्माने राखून ठेवलेला. ‘व्हेकेशन’च्या मुळाशी लॅटिन भाषेतील ‘रिकामे असणे’ या अर्थाचा धातू आहे. ‘व्हेकन्सी’ म्हणजे रिकामी जागा हा त्याचाच भाऊ. या तिन्ही शब्दांचा विचार केला तर एकात थकलेले पाय दिसतात, दुसऱ्यात देऊळ दिसते आणि तिसऱ्यात मोकळी जागा दिसते.

‘लीझर’ची कुळकथा मात्र वेगळी आहे. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि त्यांच्या मागोमाग फ्रेंच भाषा दरबारात, न्यायालयात व बड्या घरांत शिरली. त्या जुन्या फ्रेंचमध्ये ‘लेझिर’ असा शब्द होता. आजच्या फ्रेंचमध्ये तो ‘लुआझिर’ या रूपाने नांदतो आहे. हा मुळात नाम नव्हे, क्रियापद. आणि त्याचे मूळ लॅटिन ‘लिकेरे’ या क्रियापदात आहे. ‘लिकेरे’ म्हणजे मुभा असणे, परवानगी असणे. याच मुळापासून इंग्रजीत ‘लायसन्स’ हा शब्द आला. टांगेवाल्यापासून मोटार हाकणाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी असलेले आपले ‘लायसन’ आणि श्रीमंत दिवाणखान्यातला ‘लीझर’ या दोघी एकाच घरच्या लेकी आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बेकायदा या अर्थी इंग्रजीत ‘इलिसिट’ असा शब्द आहे, तोही याच घरचा. तेव्हा ‘लीझर’ या शब्दाचा जन्मार्थ रिकामा वेळ असा नाही, ज्या वेळात स्वतःच्या मर्जीप्रमाणे वागण्याची परवानगी आहे असा वेळ, असा आहे.

परवानगी म्हटली की ती देणारा कोणीतरी आलाच. हाच या शब्दाच्या पोटातला प्रश्न होय. विसाव्याची परवानगी कोण देतो, आणि ती कोणाला मिळते?

मराठी माणसाला हा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच्या रोजच्या वापरात नेमका असाच एक शब्द आहे. तो म्हणजे ‘रजा’. हा अरबी ‘रिझा’ या शब्दापासून फारशीमार्फत मराठीत आला, आणि त्याचा मूळ अर्थ खुशी, संमती, अनुमती असा आहे. पाहुणा उठताना ‘आता रजा द्यावी’ असे म्हणतो, तेव्हा तो सुट्टी मागत नाही, जाण्याची अनुमती मागतो. कचेरीतला कारकून ‘रजा मंजूर व्हावी’ असा अर्ज लिहितो, तेव्हा शब्दाच्या मूळ अर्थाने तो ‘परवानगीला परवानगी मिळावी’ असेच म्हणत असतो. इंग्रजी ‘लीव्ह’ या शब्दाचेही तसेच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ अनुमती एवढाच होता. आजही निरोप घेण्याला इंग्रज ‘लीव्ह घेणे’ असेच म्हणतो. लॅटिन, अरबी आणि जुनी इंग्रजी या तीन दूरदूरच्या भाषा. पण विसाव्यासाठी शब्द हवा झाला तेव्हा तिघींनीही परवानगीचाच शब्द पुढे केला, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या ताब्यात आहे अशा माणसाच्या तोंडून हे शब्द घडलेले आहेत.

याउलट मराठीतील काही शब्दांत धन्याची सावली पडलेली नाही. ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदापासून झाला. गाठ सुटावी, वासरू सुटावे, तशी शाळा सुटते. ‘विश्रांती’ व ‘विश्राम’ यांत ‘श्रम’ हा धातूच उभा आहे; जो श्रमला त्याचेच श्रम थांबावयाचे. ‘विसावा’ हे विश्रामाचेच घरगुती, ऊबदार रूप. ज्याने श्रमच केले नाहीत त्याला आराम असेल, चैन असेल, परंतु शब्दाच्या काटेकोर अर्थाने विश्रांती असू शकत नाही. ‘फुरसत’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ संधी असा आहे.

विसाव्याची परवानगी धनी देवो वा न देवो, ती देवाने अगोदरच दिलेली आहे, अशी व्यवस्था पुष्कळ प्राचीन समाजांनी केली होती. ज्यू लोकांचा ‘शब्बाथ’ हा तिचा प्रसिद्ध नमुना. या हिब्रू शब्दाचा अर्थ थांबणे असा आहे. ज्यू धर्मशास्त्राची आज्ञा अशी की सातव्या दिवशी घरधन्याने तर काम करू नयेच, परंतु त्याच्या दास-दासींनी व गुराढोरांनीही करू नये. दासाची सुट्टी धन्याच्या लहरीवर ठेविली नाही, हे या आज्ञेचे मोठेपण होय. कोकणच्या किनाऱ्यावर, पूर्वीच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात, तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव दिले होते. एका समाजाची ओळख त्याच्या कामाबरोबरच त्याच्या विसाव्यावरून पडावी, याचे इतके सुंदर उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. वैदिक अध्ययनाच्या परंपरेतही ‘अनध्याय’ म्हणजे न शिकण्याचे दिवस ठरलेले असत; अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या व पौर्णिमा या तिथींना पाठ बंद राही. आणि शेतकऱ्याच्या घरी पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, ही गोष्ट तर सर्वांच्या परिचयाची आहे. बैलाला रजेचा अर्ज करावा लागत नाही. ती पंचांगाने मंजूर केलेली असते.

आता ग्रीस देशाकडे वळावयाचे, कारण लीझरची कल्पना सर्वांत अधिक विचारपूर्वक तेथे मांडली गेली. फुरसतीला ग्रीक लोक ‘स्खोले’ म्हणत. फुरसत आहे म्हणून चार माणसे एकत्र बसत, वाद करीत, ऐकत, शिकत. हळूहळू अशा बैठकीलाच, आणि पुढे ती जेथे भरे त्या जागेलाही, ‘स्खोले’ म्हणू लागले. लॅटिन भाषेने तो शब्द ‘स्कोला’ असा घेतला, आणि त्यापासून इंग्रजी ‘स्कूल’ जन्मास आले. पोर्तुगीजांचे ‘एस्कोला’ तेच. गोव्यात ‘इस्कोल’ म्हणतात तेही तेच. पाठीला दप्तराचे ओझे बांधून, घंटा होण्यापूर्वी पोहोचावे म्हणून धापा टाकीत धावणारा विद्यार्थी ज्या इमारतीकडे धावत असतो, तिच्या नावाचा मूळ अर्थ ‘फुरसत’ असा आहे. त्याहून मौज अशी की रोमन लोक प्राथमिक शाळेला ‘लूडुस’ म्हणत, आणि लूडुस म्हणजे खेळ. छडी तेथेही होतीच. परंतु शब्दाने तरी शाळेला खेळाशी व फुरसतीशी बांधून ठेविले होते.

कामधंद्यासाठी ग्रीकांचा शब्द होता ‘आस्खोलिया’, म्हणजे अ-फुरसत. रोमन लोकांनीही हीच रीत उचलली. निवांतपणाला त्यांच्याकडे ‘ओटियुम’ म्हणत, आणि धंद्याला ‘नेगोटियुम’, म्हणजे निवांतपणाचा अभाव. आज राजकारणात व व्यापारात ‘निगोशिएशन’ म्हणून जो भारदस्त शब्द चालतो, त्याचा पाया या ‘निवांत नसणे’ यातच आहे. आजचा मनुष्य काम ही मूळ वस्तू मानतो आणि कामातून उरलेल्या वेळाला फुरसत म्हणतो. ग्रीक व रोमन यांच्या शब्दांत याच्या अगदी उलट हिशेब आहे; त्यांनी निवांतपणाला मूळ मानले आणि काम ही त्याची उणीव ठरविली. अॅरिस्टॉटलने तर स्पष्टच सांगितले की मनुष्य काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. करमणूक आणि फुरसत यांतही तो फरक करतो. करमणूक हे थकलेल्या माणसाचे औषध आहे, पुन्हा कामाला जुंपण्यासाठी घेतलेले. फुरसत हे औषध नव्हे. ती आरोग्याची अवस्था आहे. विचार, संगीत, मैत्री, ज्ञान यांचे स्थान तीत आहे. सिसेरो या रोमन मुत्सद्द्याला सीझरच्या अमलात राजकारणातून बाजूला व्हावे लागले, तेव्हा त्या सक्तीच्या निवांतपणात, इसवी सनापूर्वी ४५ व ४४ या दोन वर्षांत, त्याने आपले बहुतेक तत्त्वज्ञानपर ग्रंथ लिहिले. फुरसतीचे सोने करणे म्हणजे काय, याचा हा दाखला होय.

परंतु या चित्राला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अथेन्सच्या चौकात निवांतपणे तत्त्वचर्चा करणाऱ्या नागरिकाच्या घरी पाणी कोण भरीत होते? दळण कोण दळीत होते? लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत कोण उतरत होते? ते सारे गुलाम होते. आणि घरातील स्त्रिया चौकातच नव्हत्या. थोडक्यांची फुरसत पुष्कळांच्या आस्खोलियावर उभी होती. अॅरिस्टॉटलला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याने गुलामगिरीचे समर्थनच केले. परंतु ते करीत असता तो एक विलक्षण कल्पना बोलून गेला. मागाचा धोटा आपोआप विणू लागला असता आणि तंतुवाद्य आपोआप वाजू लागले असते, तर धन्यांना दासांची गरज उरली नसती, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. त्या काळी ही निव्वळ असंभवाची गोष्ट होती.

दोन हजार वर्षांनी ती खरी झाली. १७८५ साली एडमंड कार्टराइट या इंग्रज पाद्र्याने यंत्रमागाचे पेटंट घेतले, आणि माणसाच्या हाताशिवाय धोटा धावू लागला. अॅरिस्टॉटलच्या तर्काप्रमाणे आता राबणाऱ्याला फुरसत मिळावयास हवी होती. घडले ते विपरीत. त्यापूर्वीचा हातमागवाला गरीब असला तरी आपल्या वेळेचा धनी होता. इंग्लंडातील पुष्कळ कारागीर तर रविवारचा शीण जावा म्हणून सोमवारही खुशाल मोडीत आणि त्याला थट्टेने ‘सेंट मंडे’, म्हणजे संत सोमवार, म्हणत. यंत्र आले, यंत्राबरोबर भोंगा आला, आणि संत सोमवार हळूहळू लोपला. लहान मुलेसुद्धा बारा-बारा, चौदा-चौदा तास गिरणीत राबू लागली. गेलेली फुरसत पुढे कायद्याने तोळ्यामाशाने परत मिळवावी लागली. १८४७ च्या कायद्याने स्त्रिया व अठरा वर्षांखालील तरुण यांचे काम दिवसाला दहा तासांवर आले. १८५० च्या कायद्याने त्यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता बंद झाले. १८७१ साली जॉन लबक यांच्या खटपटीने ‘बँक हॉलिडे’ मिळाले. आणि ज्यांना परवानगी मागावीच लागत नव्हती, त्या धनिकांच्या दिखाऊ फुरसतीवर थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली एक बोचरा ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच ‘लीझर’ हा शब्द आहे.

हेच यंत्र मुंबईतही आले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि ताडदेवला उभारलेली त्यांची सुताची गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढील तीस-पस्तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचे रान माजले. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे आली. गावाकडे त्यांचे काम सूर्याने व पावसाने मोजलेले होते. येथे ते भोंग्याने मोजले जाऊ लागले. दिव्यांची सोय नसल्यामुळे गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. म्हणजे उन्हाळ्यात दिवस जितका मोठा, तितकी मजुरी मोठी. आठवड्याची सुट्टी अशी नव्हती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या; मोठ्या माणसांबद्दल तो गप्प राहिला.

या ठिकाणी एका मराठी माणसाचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. काही काळ त्यांनी गिरणीत स्टोअरकीपरचे काम केले होते, त्यामुळे तेथील जीवन त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी १८८० साली उचलली. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या आणि ५,००० हून अधिक सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेविला. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांच्या साधेपणाने मन हेलावते. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास जेवणास मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. राज्य मागितले नाही, गिरणी मागितली नाही. अर्धा तास आणि एक वार मागितला. तो अर्ज म्हणजे हजारो हातांनी मिळून केलेला रजेचा अर्जच होता.

सहा वर्षे तो पडून राहिला. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही उभे राहून भाषणे केली, ही गोष्ट विसरता कामा नये. अखेर गिरणीमालकांच्या संघाने नमते घेतले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा उपासनेचा दिवस खरा. पण तो जेजुरीच्या खंडोबाचाही वार आहे, आणि गिरणीतल्या कुणब्याला तो वार परका नव्हता. पुढल्याच वर्षी, १८९१ च्या कायद्याने, आठवड्याच्या सुट्टीला सरकारी शिक्का मिळाला. सत्य सांगावयाचे तर या कायद्यांमागे केवळ दया नव्हती. मुंबईचे स्वस्त सूत लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना झोंबू लागले होते आणि इकडचे कामाचे तास आवरावेत असा त्यांचाही आग्रह होता. परवानगी देणाऱ्याचे हेतू मिश्र असतात. मागणाऱ्याची गरज मात्र शुद्ध असते. लोखंडे यांचा अंत १८९७ साली मुंबईच्या प्लेगात झाला.

यंत्राने पुन्हा एकदा तीच खेळी केली. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांतून विजेचे दिवे लागले. अंधार हा आजवर कामगाराचा मुका कैवारी होता. तो मावळला, आणि मागणी वाढली तेव्हा कित्येक गिरण्या पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. पुन्हा ओरड झाली, पुन्हा चौकशा बसल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील मोठ्या पुरुषांचे कामही बारा तासांवर बांधले गेले. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने तेथे नारायण मल्हार जोशी गेले होते. परिषदेने जगासाठी दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तास हे माप ठरविले. हिंदुस्थानसाठी मात्र ६० तासांचे निराळे माप काढले. १९२२ च्या कायद्याने ते साठ तास अमलात आले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत ते ५४ झाले, १९४६ मध्ये ४८ वर आले, आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तेच कायम केले. म्हणजे जगाने १९१९ मध्ये जे माप मान्य केले, ते या देशातील कामगाराच्या हाती पडावयास सत्तावीस वर्षे लागली. शब्दकोशातल्या एका लहानशा शब्दाला जमिनीवर उतरण्यास केवढा काळ लागतो!

फुरसत मिळाली, पण पुढे तिचे करावयाचे काय, असा आक्षेप सुशिक्षित लोक नेहमी घेतात. रिकामा वेळ मिळाला की मजूर गुत्त्यात जाईल, नोकर बिघडेल, मूल उनाड होईल. ‘रिकामटेकडा’ हा शब्द त्यांच्या ओठांवर तयार असतो. या आक्षेपाला उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा उघडली. पुढे १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालविली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला मनुष्य रात्री कंदिलाखाली पाटी घेऊन बसतो, तेव्हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक अपूर्व गोष्ट घडते. ‘स्कूल’ आणि ‘लीझर’ हे दोन शब्द अथेन्समध्ये एक होते, मग त्यांची ताटातूट झाली. ते त्या रात्रशाळेत पुन्हा भेटतात. आणि या वेळी त्या फुरसतीखाली कोणी गुलाम दडपलेला नसतो. विद्यार्थी आपल्याच घामाच्या तासांमागून मिळालेल्या तासात शिकत असतो. अथेन्सच्या तत्त्वज्ञांना जे साधले नाही, ते परळच्या एखाद्या खोलीत साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि गिरणीवर बोट ठेवून घराकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. रविवारची सुट्टी घरात आली, ती कोणाची? पुरुषाची कचेरी बंद, मुलांची शाळा बंद, पाहुण्यांना यावयास सवड. म्हणून स्वयंपाकघर दुप्पट चालू. साऱ्या घराला ज्या दिवशी लीझर, त्याच दिवशी गृहिणीला आस्खोलिया, असा प्रकार कित्येक सुसंस्कृत म्हणविणाऱ्या घरांतून दिसतो. तिला कोणी मनाई केलेली नसते, हे खरे. पण लीझर म्हणजे मनाई नसणे एवढेच नव्हे. हा वेळ तुझा आहे, असे इतरांनी मानणे होय. तीच गोष्ट घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईची. तिने एक दिवस ‘खाडा’ केला की घरात कुरकुर सुरू होते. परंतु ज्या घरी तिची आठवड्याची सुट्टी ठरवून दिलेली असते, त्या घरी खाडा हा शब्दच उरत नाही. सुट्टी आणि खाडा यांत दिवस तोच असतो, फरक परवानगीचा असतो. शब्बाथच्या आज्ञेत दासीचा उल्लेख का केला असावा, हे अशा वेळी समजते.

यंत्राचा जुना खेळ आजही संपलेला नाही. जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली असे भाकीत केले की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, आणि उरलेल्या वेळाचे काय करावे हाच त्याच्यापुढे प्रश्न राहील. ती मुदत आता भरत आली आहे. धोटे आपोआप विणतात, वाद्ये आपोआप वाजतात, हिशेब आपोआप होतात. पण खिशातील लहानशा यंत्राने गिरणीचा भोंगा माणसाच्या उशाशी आणून ठेविला आहे, आणि रात्री दहा वाजता वरिष्ठाचा निरोप आला तर उत्तर द्यावे की न द्यावे, या विवंचनेत सुशिक्षित मनुष्य जेवणाच्या ताटावर बसलेला असतो. त्याच्याकडे वेळ नाही असे नाही. वेळावर त्याची सत्ता नाही. फ्रान्स देशाने २०१६ साली कायदा करून, आणि १ जानेवारी २०१७ पासून तो अमलात आणून, कामाच्या वेळेबाहेर अशा निरोपांपासून अलिप्त राहण्याचा नोकराचा हक्क मान्य केला. ज्या भाषेतून ‘लेझिर’ इंग्लंडास गेला, त्याच भाषेच्या देशाला त्याच्या मूळ अर्थाची पुन्हा आठवण व्हावी, हे उचितच झाले.

शब्दांची व्युत्पत्ती हा पंडितांचा विरंगुळा आहे अशी समजूत असते. पण कधी कधी शब्दाचे मूळ खणता खणता माणसाचे दुखणे हाती लागते. ‘लीझर’ म्हणजे परवानगी, ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी, ‘रजा’ म्हणजेही परवानगी. ज्याला ती मागावी लागते त्याला या शब्दांचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. ज्याच्या हाती ती देण्याची सत्ता आहे, मग तो गिरणीचा मालक असो, कचेरीचा साहेब असो, शाळेचा शिक्षक असो किंवा घरचा कर्ता पुरुष असो, त्याने मात्र तो अर्थ एकदा अवश्य पाहून ठेवावा. येत्या रविवारी दुपारची जेवणे आटोपल्यावर घरातील कोणा माणसाच्या हाती अजून काम आहे, एवढे जरी त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले, तरी या शब्दाचा अर्धा अर्थ त्याला कळेल. आणि त्याने उठून ते काम आपल्या हाती घेतले, तर उरलेला अर्धाही कळेल.